मुरलेलं मशीन

पंखा

मधुवंती कोळेकरच्या कॉम्प्युटरचा पंखा एकदा सुरू झाला की शेजारच्या बाई दार वाजवून विचारायच्या, "चटणी वाटताय का?"

अकरा वर्षांचा डबा होता तो. मिरजेत अजून डेस्कटॉपवर खेळणारं आणखी कुणी असेल तर ते दस्तगीरभाई सतारमेकर, आणि मधुवंती खेळायची ती त्यांच्याचबरोबर. दर रविवारी दुपारी तीन ते पाच. ती आपल्या घरी, ते आपल्या कारखान्याच्या माळ्यावर. कानाला हेडफोन, मध्ये अर्धं गाव.

खेळाचं नाव 'कडा'. दोन गिर्यारोहक, समोर दरी. एकाने पलीकडच्या खडकातल्या खोबणीत दोराचा आकडा फेकायचा, दुसऱ्याने त्या दोराला लोंबकळत पलीकडे जायचं. खोबण तळहाताएवढी. माउस धरून, श्वास धरून, नेम तीन सेकंद स्थिर ठेवायचा आणि मग सोडायचा. मधुवंती दोर फेकायची आणि दस्तगीरभाई लोंबकळायचे. अकरा वर्षांत ते तिच्या दोरावरून एकदाही पडले नव्हते, आणि ही गोष्ट ते चहाच्या टपरीवर अनोळखी माणसांनाही सांगत.

मधुवंती त्रेपन्न वर्षांची. एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल विचारायचं लोकांनी आता सोडून दिलं होतं. नोकरी एका खाजगी बालरुग्णालयाच्या लॅबमध्ये, रक्त काढायची. वेळेआधी जन्मलेली, किलो-सव्वा किलोची बाळं आणि केसाएवढ्या शिरा. तिथे सगळ्यांचं एकच म्हणणं असायचं, मधुताईंना बोलवा, एकदाच टोचतात.

'कडा'चा नवा भाग येत्या रविवारी येणार होता आणि जुन्या डब्याला तो पेलणार नव्हता. म्हणून मंगळवारी तिने डबा मांडीवर घेतला, रिक्षा केली आणि अभिनंदन मगदूमच्या दुकानात नेऊन ठेवला.

अभिनंदनने झाकण काढून आत बघितलं. "ह्याला काय अपग्रेड करायचं वो ताई? ग्राफिक कार्ड नवं घातलं तर पॉवर सप्लाय पुरत नाही. पॉवर सप्लाय बदलला तर डब्यात मावत नाही. डबा बदलला तर हा मदरबोर्ड त्यात बसत नाही. शेवटी जुनं काय राहिलं? कीबोर्डवरची धूळ."

"धूळ काढून दे. बाकी नवं घाल."

"घालतो की. पण एक हाय. ह्यातली चिप मुरलीया. अकरा वर्षं म्हणजे लोणच्याच्या वर. शिकवणी लावूया. तीन आठवडे."

चिप

पूर्वीच्या चिपमध्ये आठवणीची जागा वेगळी आणि गणिताची वेगळी. आकडे सारखे इकडून तिकडे हेलपाटे घालत, आणि निम्म्याहून जास्त वीज त्या हेलपाट्यांतच जाई. मुरती चिप निघाली ती हे हेलपाटे वाचवायला. तिच्यात कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात. कप्प्यातून वीज गेली की त्याचा अडथळा किंचित बदलतो आणि वीज बंद केली तरी तो बदल टिकतो. जिथून वारंवार जाणंयेणं होतं ती वाट सोपी होत जाते, गवतातल्या पाऊलवाटेसारखी. आठवण ठेवतो तोही कप्पाच आणि गणित करतो तोही कप्पाच. वीज दिव्यापेक्षा कमी लागते, आणि वापरणाऱ्याच्या सवयी चिपच्या अंगात उतरत जातात.

गोम एवढीच, की दोन मुरत्या चिपा कधी सारख्या नसतात. बनवताना प्रत्येकीत बारीकसारीक दोष राहतात आणि शिकणं त्या दोषांना वळसा घालतच होतं. त्यामुळे एकीतलं उचलून दुसरीत ओतता येत नाही. ओतलं तर नुसता गोंधळ. उघडून वाचताही येत नाही, कारण आत शब्द नाहीत, यादी नाही, फक्त अडथळे. जुन्या चिपला काय येतं हे नवीला कळायचं तर एकच मार्ग. दोघींना शेजारी बसवायचं, एकच माउस दोघींना जोडायचा आणि जुनी काय करते ते नवीला आठवडेच्या आठवडे बघू द्यायचं. दुकानदार त्याला शिकवणी म्हणत.

दहा-बारा वर्षांत ही चिप सगळीकडे गेली होती. स्कूटरच्या हँडलमध्ये, शिलाई मशीनमध्ये, कानातल्या यंत्रात, इंजेक्शनच्या होल्डरमध्ये. लोक कौतुकाने सांगत, आमचं मशीन आता मुरलंय, दुसऱ्याच्या हाताला वळत नाही.

"तीन आठवडे?" मधुवंती म्हणाली. "रविवारी खेळ येतोय. मला कसली शिकवणी? मी काय नवशिकी आहे? हात माझाच आहे ना?"

"बघा बरं."

"बघितलं."

माउस

रविवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. हेडफोनवर.

"मधुताई, काय चित्र आहे! दगडावरचं शेवाळं दिसतंय. फेका."

"थांबा हो, नेम धरू दे."

"धरा धरा, घाई नाही. नवं मशीन म्हणजे नवी नवरी, लाजणारच."

"फेकला."

"आलो... अरे! अरे अरे!"

"काय झालं?"

"काय झालं म्हणजे? मेलो मी. दरीत आहे. खाली नदीसुद्धा फार छान काढलीय, बघायला या."

"आकडा खोबणीच्या कडेला लागला. पुन्हा."

तीन वाजून वीस.

"मधुताई, पुन्हा नदी."

साडेतीन.

"तुम्ही रागावलाय का माझ्यावर? मागच्या महिन्यात आंबे नाही पाठवले म्हणून?"

"माउस खराब आहे, दस्तगीरभाई. नेम हलतोय."

"अकरा वर्षांत पहिल्यांदा पडलो, आणि एका दुपारी तीनदा. कुणाला सांगू नका हं. माझी इज्जत आहे चौकात."

जॉब कार्ड

मगदूम कॉम्प्युटर्स, मिरज.
ग्राहक: कोळेकर मधुवंती.
तक्रार: नेम हलतो.
सोमवार: माउस बदलून दिला. नेम हलतो.
मंगळवार: दुसऱ्या कंपनीचा माउस. वायरचा. नेम हलतो.
बुधवार: घरी जाऊन टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. चहा झाला. नेम हलतो.
गुरुवार: त्यांच्या खुर्चीवर बसून मी स्वतः खेळलो. नेम हलत नाही.
निष्कर्ष:

निष्कर्षाची जागा कोरीच राहिली होती. अभिनंदनने ते कार्ड मधुवंतीला दाखवलं नाही. शुक्रवारी फोन करून एवढंच म्हणाला, "ताई, दुकानात येऊन जाता? जुना डबा अजून माझ्याकडंच हाय. दोन्ही मशीनं जोडून बघूया."

पडदा

दुकानाच्या मागच्या खोलीत दोन मशीनं शेजारी शेजारी, माउस एक, पडदा एक. अभिनंदनने शटर अर्धं ओढून घेतलं. गिऱ्हाईकासमोर हे बोलायचं नव्हतं त्याला.

"पडद्यावर डावीकडून उजवीकडं एक रेघ ओढा. सावकाश. वरची रेघ जुनं मशीन काढणार, खालची नवं."

मधुवंतीने ओढली.

वरची रेघ ताठ होती, पाण्याच्या पातळीसारखी. खालची रेघ मात्र बारीक करवतीच्या दात्यांसारखी उमटली. दाते सगळे सारखे, सारख्या अंतरावर.

"नवंच खराब आहे," ती म्हणाली.

अभिनंदनने माउस घेतला आणि स्वतः रेघ ओढली. खालची रेघ साधारण सरळ आली. वरच्या रेघेत मात्र दाते आले.

"हे कसं?"

"मी मोजलं ताई. तुमचा हात सेकंदाला सातदा हलतो. लई थोडा. डोळ्याला दिसत नाही. जुन्या चिपला ते कधीतरी कळलं. पुढची थरथर कधी येणार हे तिला आधीच ठाऊक असतं. तेवढी ती वजा करते आणि मग नेम पडद्यावर दाखवते. माझ्या हाताला थरथर नाही, तर ती वजा करायला जाऊन उलट माझीच रेघ बिघडवते. मुद्दाम कुणी शिकवलं नाही तिला. तुमचा नेम लागला की खेळ पुढं जातो, एवढंच तिला माहीत."

"कधीपासून?"

"ते सांगता येत नाही. आत तारीख नसते."

मधुवंतीने हात पुढे धरला, बोटं पसरली. ट्यूबलाइटखाली काहीच दिसत नव्हतं. मग अभिनंदनने एक कोरा कागद तिच्या बोटांवर आडवा ठेवला. कागदाची कड हलत होती, अगदी हळू, कुणीतरी लांबून फुंकर घालावी तशी.

चहा आला. तिने कप दोन्ही हातांनी धरला. ती नेहमी तसाच धरायची. नेहमी म्हणजे कधीपासून, हे आठवायचा तिने प्रयत्न केला आणि आठवेना.

होल्डर

लॅबमध्ये एक नियम होता. लिहिलेला नव्हता, पण सगळ्या पाळत. दुसरीचा होल्डर हातात घ्यायचा नाही. सुई ज्या मुठीत बसवायची ती मूठ म्हणजे होल्डर. आत मुरती चिप आणि चार चिमुकल्या मोटारी. हात जरासा डावीकडे गेला की मोटार सुईला तेवढंच उजवीकडे नेते. प्रत्येकीचा होल्डर तिच्या हाताला मुरलेला, म्हणून दुसरीने हात लावला की तो बिथरतो असं सगळ्या म्हणायच्या. दसऱ्याला सगळ्या आपापल्या होल्डरला हळदकुंकू लावायच्या. मधुवंतीचा होल्डर नऊ वर्षांचा होता.

शनिवारी कामं संपल्यावर ती कपाटापाशी गेली आणि नवा, पाकीटबंद होल्डर काढला. सरावाचा रबरी हात टेबलावर ठेवला. त्यातली शीर खऱ्या बाळाच्या शिरेपेक्षा चौपट जाड होती.

तिने सुई टेकवली. टोक शिरेवर होतं. मग नव्हतं. मग पुन्हा होतं.

तिने सुई काढली, आपला जुना होल्डर घेतला, त्याच जागी टेकवला. टोक खिळल्यासारखं उभं राहिलं.

नियम किती चांगला होता. नऊ वर्षांत कुणाचा होल्डर कुणी उचलला नाही, म्हणून कुणाला काही कळलं नाही. तिलासुद्धा नाही. तिने रबरी हात पुसून जागेवर ठेवला. नव्या होल्डरचं पाकीट फाटलं होतं, ते मात्र तिला पुन्हा नीट बंद करता येईना.

पुढच्या बुधवारी ती मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला गोल गोल आकृती काढायला लावल्या, दोन पेल्यांत पाणी ओतायला लावलं. म्हणाले, हा कंपवात नाही. घराण्यातून येणारी थरथर आहे, जिवाला धोका नाही, जाणारही नाही, हळूहळू वाढेल. गोळीने थोडी कमी होईल. मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"लॅबमध्ये आहे," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

घोडी

दस्तगीरभाईंचा कारखाना म्हणजे एक लांब खोली, छताला टांगलेले भोपळे आणि सगळीकडे लाकडाचा भुसा. ते खाली बसून सतारीची घोडी घासत होते. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी. तिचा माथा कानसेने असा घासायचा, की तार छेडली की सूर गुणगुणत राहिला पाहिजे. त्याला जवारी म्हणतात, आणि दस्तगीरभाईंच्या जवारीसाठी लोक लांबून येत.

मधुवंतीने सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत घासत होते.

"मग त्यात काय?" ते म्हणाले. "जुना डबा आहे ना अजून? लावा शिकवणी. तीन आठवडे मी पत्ते खेळतो."

"खेळाचं नाही बोलत मी. होल्डरचं बोलतेय."

"होल्डर चांगला चालतोय?"

"हो."

"बाळाला एकदाच टोचतंय?"

"हो."

"मग कुणाला काय सांगायचंय? पाच फुटी माणूस स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढतो, तेव्हा गावभर सांगतो का, की माझा हात पोचत नव्हता म्हणून?"

"स्टूल मोडलं तर तो स्वतः पडतो, दस्तगीरभाई."

त्यांनी कानामागचं छोटं यंत्र काढलं आणि मांडीवर ठेवलं. तार छेडली.

"ऐकू आलं?"

"आलं."

"किती वेळ?"

"अजून येतंय."

"मला कधीच थांबलं." त्यांनी यंत्र परत कानात बसवलं. "सहा वर्षं झाली. बारीक झणझण मला ऐकूच येत नाही. हे मुरलंय, म्हणून ऐकू येतं. गिऱ्हाईक म्हणतात, भाई, जवारी पहिल्यापेक्षा गोड झालीय. आता ह्यांना सांगू? सांगितलं की उद्यापासून सगळ्यांना माझ्या सतारीत खोट ऐकू यायला लागेल. आज येत नाही ती. ह्या यंत्राचा पट्टा तुटलाय, रबर लावून चालवतोय, पण बदलत नाही. आणि तुम्ही एक खेळ बघायला मिळावा म्हणून अकरा वर्षांचा मित्र काढून टाकलात."

"तुमची सतार चुकली तर घोडी परत घासता येते."

"म्हणजे माझं काम खेळण्यातलं?" त्यांचा आवाज चढला. "माझ्या आजोबांच्या सतारी..."

"तसं नाही म्हटलं. सतार घेणारा वाजवून बघतो आणि मग घेतो. माझ्याकडे येतो त्याला बघता येत नाही. अकराशे ग्रॅमचं असतं ते."

दस्तगीरभाईंनी कानस उचलली आणि घोडीकडे तोंड वळवलं. "चहा घेणार?" ते म्हणाले, पण विचारल्यासारखं नाही. मधुवंती उठली. त्या रविवारी दोघं खेळली नाहीत. पुढच्याही नाही.

शीर

सोमवारी सकाळी नऊ वाजता नवजात कक्षातून फोन आला. जतची बाई, बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालेलं, मुलगी, साखर पुन्हा पुन्हा उतरते. रक्त लागणार होतं, आणि टाचेतून पुरेसं येत नव्हतं.

मधुवंती ट्रे घेऊन गेली. ट्रेमध्ये तिचा जुना होल्डर होता. पाठोपाठ अश्विनी कांबळेही आली, लॅबमधली दुसरी. चार महिन्यांपासून ती नवजात बाळांकडे यायला लागली होती.

काचेच्या पेटीशी बाळाची आई उभी होती. शिवन्या नाव तिचं, सव्वीसेक वर्षांची. दोन दिवसांत झोप नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. नर्स तिला सांगत होती, "आता काळजी नाही. मधुताई आल्या."

"एकदाच टोचणार नव्हं?" शिवन्याने विचारलं. "काल तिघींनी टोचलं. हात बघा तिचा."

हात बघितला मधुवंतीने. आगपेटीच्या काडीएवढी मनगटं, आणि निळे ठिपके. तिला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं आणि तसंच झालंही असतं. होल्डर चुकला नसता. नऊ वर्षांत चुकला नव्हता.

"ताई, तुम्हाला एक सांगते," ती म्हणाली. "माझा हात थरथरतो."

नर्सने मान वर केली. अश्विनीने तिच्याकडे बघितलं.

"आत्ता हातात हे यंत्र घेतलं की सुई हलत नाही. माझी थरथर ते आपल्याकडे घेतं. आजवर चुकलेलं नाही. पण हात माझा हलतो, आणि मला हे कळून दोन आठवडे होऊन गेलेत. ही अश्विनी. हिचा हात यंत्राशिवायही स्थिर आहे, मी बघितलंय. पण बाळांच्या कामात नवीन आहे. कदाचित दोनदा टोचावं लागेल. तुम्ही सांगाल तसं करू."

शिवन्या चिडेल असं वाटलं मधुवंतीला. हिला आत्ताच कशाला सांगायचं होतं, असा भाव नर्सच्या तोंडावर होता.

"दाखवा," शिवन्या म्हणाली.

"काय?"

"हात."

मधुवंतीने ट्रे ठेवला आणि हात पुढे केला. खिडकीतून उजेड येत होता. शिवन्याने त्या हाताखाली आपली बोटं धरली, वर उचलल्यासारखी, आणि थांबली. नाडी बघतात तशी. थरथर दिसत नव्हती, पण हाताला कळत होती.

"लई हलत न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"पण हलतो."

"हो."

शिवन्याने हात सोडला. पेटीतल्या मुलीकडे बघितलं, अश्विनीकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्यांना करू द्या."

मधुवंती पेटीपाशी गेली आणि अश्विनीसाठी जागा करून बाजूला झाली. नुसतं बाजूला होणंही बावीस वर्षांच्या नोकरीत नवीन होतं. कुठे उभं राहायचं ते कळेना. मग तिने डावा हात आत घातला आणि बाळाच्या हाताच्या पाठीवर तर्जनी ठेवली, अगदी न टेकल्यासारखी. शीर डोळ्यांनी दिसत नाही, ती बोटाखाली जराशी उसळते. ते हलकं उसळणं तिच्या थरथरीपेक्षा वेगळं होतं, संथ होतं, आणि तिला ते लगेच सापडलं.

"इथे," ती म्हणाली. "नखाच्या समोर. आडवी नाही, तिरकी जाते. सुई जवळजवळ झोपव."

अश्विनीने टोचलं. रक्त आलं नाही. बाळ रडलं. मांजराच्या पिलाएवढा आवाज. शिवन्याने डोळे मिटले.

"सरकली," मधुवंती म्हणाली. "काढ. घाबरू नको. बोट आण तुझं. माझ्या बोटाच्या जागी. लागतंय?"

"नाही."

"दाबू नको. दाबलं की ती बुडते. नुसतं ठेव."

अश्विनीचं बोट बाळाच्या हातावर थांबलं. खोलीतलं यंत्र टिकटिकत होतं. बराच वेळ गेला, किंवा तसं वाटलं.

"लागतंय," अश्विनी हळूच म्हणाली. "हे काय? हे एवढं बारीक?"

"तेच. आता टोच."

नळीत पहिला थेंब आला, मग दुसरा, मग सलग बारीक धार. मधुवंतीने कापूस धरला, दाबला, मिनिटभर तसाच ठेवला. बाळ रडायचं थांबलं.

नर्स नळी घेऊन गेली. अश्विनीने हातमोजे काढले. तिच्या कपाळावर घाम होता.

शिवन्या पेटीच्या काचेला हात लावून उभी होती. मधुवंती ट्रे आवरून निघाली तशी तिने मागे वळून विचारलं,

"उद्या पण लागणार का रक्त?"

"लागणार. सकाळी."

"मग उद्या पण तुम्ही दोघीच या."